ढगाचा काटा आणि काट्याचा पासंग

या वेळचा पत्रांचा गठ्ठा सोडला आणि हसू आलं. सहा पत्रं, सहा गावची, आणि त्यातल्या पाचांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच : उपग्रहाने ढगाबद्दल जे सांगितलं ते जुळलं नाही. सहावं पत्र थर्मामीटरचं आहे, पण तेही त्याच जातीचं. म्हणून या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

आधीच सांगून ठेवते, उत्तरांत सांगलीचं मार्केट यार्ड वारंवार येईल. माझे वडील तिथे हळदीच्या पेठेत तोलार होते. भौतिकशास्त्र मी कॉलेजात शिकले आणि पुढे ३१ वर्षं शिकवलं, पण मोजण्यात चूक होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला पुस्तकाच्या आधी त्यांच्या तराजूने शिकवलं.

प्रश्न : ताई, ऑक्टोबर छाटणी झाली की आम्हा बागायतदारांची झोप उडते. पानावर ओल राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. म्हणून मी रात्री मोबाइलवर उपग्रहाचं चित्र बघून पहाटेची फवारणी ठरवतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री बाराला बघितलं, साडेबाराला बघितलं, आमच्या भागावर ढगाचा ठिपका नाही. पहाटे पाचला बाहेर आलो तर एक चांदणी दिसेना, सगळं आभाळ खालच्या ढगाने भरलेलं. वरचा कॅमेराच खराब आहे का?
— द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

दादा, मध्यरात्री ढग नसेलही आणि पहाटे धरला असेल, ही शक्यता आधी बाजूला काढू. तो तेव्हाही होता असं धरलं, तरी अर्धा दोष उपकरणाचा नाही.

रात्री तुम्ही बघता ते चित्र उजेडाचं नसतं, उष्णतेचं असतं. जमीन आणि ढग जे अवरक्त किरण सोडतात ते उपग्रह टिपतो आणि त्यावरून तापमान काढतो. वळवाच्या ढगाचा माथा उणे ५० अंश किंवा त्याहूनही गार असतो, तो पांढराशुभ्र उठून दिसतो. पण तुमच्या बागेवर आलेला ढग जेमतेम हजार मीटरवरचा. त्याचा माथा जमिनीपेक्षा चार-पाच अंशांनी गार, आणि रात्री जमीन स्वतःच निवलेली. करड्यावर करडं काढलं तर काय दिसणार? उपकरण निर्दोष असतं तरी किरणांच्या या एका पट्ट्यात, म्हणजे तरंगलांबीच्या या एका टप्प्यात, तो ढग लपलाच असता.

त्याला पकडायची एक युक्ती आहे. पाण्याचे बारीक थेंब १०.८ मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जेवढ्या जोमाने किरण सोडतात, तेवढ्या जोमाने ३.९ मायक्रॉनला सोडत नाहीत. म्हणून खालचा ढग ३.९ मध्ये किंचित जास्त गार दिसतो. दोन तापमानांची वजाबाकी केली की दोन-तीन अंश उरतात आणि तेवढ्यावरून ढग ओळखायचा. आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतल्या उपग्रहांवर हे दोन्ही पट्टे आहेत. उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका ४ किलोमीटरचा, दिवसाच्या उजेडातल्या चित्रातला १ किलोमीटरचा.

आता उपकरणाचा अर्धा भाग. पारडी रिकामी असताना तराजूचा काटा मधोमध उभा राहत नसेल तर हलक्या पारड्याला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. वडील रोज सकाळी पहिलं पोतं चढवायच्या आधी रिकाम्या पारड्यांनी काटा बघायचे. उपग्रहही हेच करतो. तो अधूनमधून रिकाम्या अवकाशाकडे बघतो, हे त्याचं रिकामं पारडं. मग स्वतःजवळच्या एका काळ्या, माहीत असलेल्या तापमानाच्या पट्टीकडे बघतो, हे त्याचं प्रमाण वजन. दोन्ही पट्ट्यांचा पासंग एकाच बाजूला चुकला तर वजाबाकीत चूक बरीचशी निघून जाते. पण एक अर्ध्या अंशाने वर आणि दुसरा अर्ध्या अंशाने खाली गेला, तर तुमच्या दोन-तीन अंशांतला एक अंश जागच्या जागी गेला.

आणि तुम्ही नेमकी वेळ कोणती निवडलीत? ऑक्टोबरचा पहिला आठवडा, रात्री बारा-साडेबारा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर एका जागी टांगल्यासारखा असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाच्या, आगेमागे तीन-तीन आठवडे तो स्थानिक मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीतून जातो. आपले उपग्रह ७४ आणि ८२ अंश पूर्व रेखांशांवरचे, म्हणजे त्यांची मध्यरात्र आपल्या घड्याळात बारा ते साडेबाराची. सावलीत शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर सूर्य पृथ्वीच्या कडेला लागून थेट दुर्बिणीच्या तोंडात डोकावतो. भलता उजेड आत शिरतो, आतले भाग कमीजास्त तापतात, आणि ज्या काळ्या पट्टीला आपण प्रमाण वजन म्हणतो तिचाच हिशेब काही काळ बिघडतो. यावर दुरुस्त्या आहेत आणि त्या लावल्याही जातात, पण ३.९ चा पट्टा सूर्यप्रकाशाला सगळ्यांत हळवा. तुमच्या बागेचा नाजूक काळ आणि उपग्रहाचा नाजूक काळ एकच निघाला, याला काय म्हणायचं!

या ३.९ ने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. निवृत्तीनंतर नुकतीच ही चित्रं बघायला शिकले होते. मे महिन्यातल्या एका रात्रीच्या वादळी ढगाचा माथा त्या पट्ट्यात खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा दिसला. मी उत्साहात चार जणांना सांगितलं, हे बघा, आतले उकळते बुरूज वर आलेत. माझा एक जुना विद्यार्थी अहमदाबादला याच कामात आहे, त्याला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तो ढग नाही, तो काट्याची थरथर आहे."

मग हिशेब मांडून बघितला आणि स्वतःवरच चिडले, कारण कोणत्या तापमानाची वस्तू किती किरण सोडते ते सांगणारा प्लांकचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. २७ अंश सेल्सिअसच्या जमिनीकडून ३.९ मायक्रॉनला जेवढे किरण येतात त्याच्या मानाने उणे ५३ अंशांच्या ढगमाथ्यावरून जवळजवळ काहीच येत नाही. उपकरणातली विजेची थरथर मात्र तेवढीच राहते. जमिनीवर जी थरथर ०.२ अंशाची दिसते, ती त्या गार माथ्यावर सुमारे ४७ पट होते, म्हणजे नऊ अंशांच्या वर. १०.८ मायक्रॉनला हीच वाढ तीन पटींच्या आतच राहते. उपकरण एक, थरथरही एकच. तिची तुम्हाला किती झळ बसायची, हे समोर कोणता ढग आहे त्यावर ठरतं. पुढच्या पत्रात हेच अजून जोरात येणार आहे.

फवारणीबद्दल म्हणाल तर रात्रीच्या एका चित्रावर निर्णय घेऊ नका. बागेत पानाचा ओलावा दाखवणारा सेन्सर असेल तर आधी त्याचं ऐका. चित्रच बघायचं असेल तर पहाटे तीन-चारचं बघा.

प्रश्न : मॅडम, बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कोयनेच्या पाणलोटावरच्या जुलैमधल्या एका ढगाची प्रकाशीय जाडी मी दोन उपग्रहांच्या आकडेवारीतून काढली. दोघांच्या वेळेत दहाच मिनिटांचा फरक होता. एकात ५० आली, दुसऱ्यात ६५. सर म्हणतात, तुझंच गणित चुकलं. दोन्ही उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आसपास सांगतात, मग तीस टक्के फरक कुठून आला?
— विद्यार्थिनी, सातारा

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, गणित बरोबर असूनही हे होऊ शकतं.

इतर वाचकांसाठी आधी थोडं. दिवसा उपग्रह ढगाची जाडी मीटरमध्ये मोजत नाही. ढगावरून किती सूर्यप्रकाश परत आला तेवढंच त्याला कळतं. त्यावरून प्रकाशीय जाडी काढतात. हा नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही. जाडी १ असेल तर सरळ येणाऱ्या किरणांपैकी ३७ टक्के आरपार जातात. ज्या ढगातून सूर्याची चकती पुसट का होईना दिसते, त्याची जाडी सहसा एक आकडी. आपल्या घाटमाथ्यावर जुलैत भरदुपारी दिवे लावायला लावणारे ढग ५०च्या घरातले.

आता वही घे. ढगातले थेंब प्रकाश मुख्यतः पुढेच ढकलतात, थोडाच मागे परततो. हे धरून एक ढोबळ सूत्र आहे : जाडीला ०.१५ ने गुण, त्या संख्येला क म्हण. ढगाचा उजळपणा = क भागिले (२ + क). खालची जमीन काळी धरली आहे.

जाडी १० असेल तर क १.५ आणि उजळपणा ०.४३. जाडी ५० असेल तर क ७.५ आणि उजळपणा ०.७९. जाडी पाचपट झाली, उजळपणा दुप्पटही झाला नाही. याच्या पुढे ढग कितीही जाड होऊ दे, उजळपणा १ च्या पुढे जाऊ शकत नाही. पांढऱ्या भिंतीवर चुन्याचा दहावा हात दिला तर नवव्यापेक्षा किती पांढरी दिसेल?

आता उपकरण पाच टक्के जास्त उजेड दाखवतंय असं समज आणि उलटं गणित कर. १० जाडीचा ढग १०.९ दिसेल, नऊ टक्के चूक, चालून जाईल. ५० जाडीच्या ढगाचा उजळपणा ०.७९ ऐवजी ०.८३ येईल आणि त्यावरून जाडी निघेल ६४.६. तुझे पासष्ट आले की नाही? ८० जाडीचा ढग तर सरळ १२० होतो.

म्हणजे उपकरणाने चूक केली ती पाचच टक्क्यांची. तिचे तीस टक्के ढगाने केले. पातळ ढगाने तीच चूक पोटात घातली असती.

आता एक गोष्ट, जी तुझ्या प्रकल्पात घातलीस तर परीक्षक खूश होतील. उपकरण पाच टक्के कमी उजेड दाखवत असेल तर ५० चे किती होतात? ४०. म्हणजे एका बाजूला दहाने चूक, दुसऱ्या बाजूला पंधराने. उजेडातली चूक दोन्हीकडे सारखी असूनही जाडीतली नाही. तेव्हा शंभर मोजमापांची सरासरी काढली की थरथर निघून जाते, हे कॉलेजातलं वाक्य इथे लंगडं पडतं. ४० आणि ६४.६ ची सरासरी ५० नाही, ५२ च्या वर. सरासरी काढायचीच तर उजळपणाची काढ, मग एकदाच जाडीत बदल.

थेंबांच्या आकाराचं काय? ती दोन पट्ट्यांची रीत आहे, नाकाजिमा आणि किंग यांनी १९९० मध्ये मांडलेली. दृश्य प्रकाशात पाणी जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून तिथला उजळपणा जाडी सांगतो. १.६ किंवा २.१ मायक्रॉनच्या आसपास पाणी थोडं शोषतं आणि थेंब जितका मोठा तितकं जास्त शोषतं, म्हणून मोठ्या थेंबांचा ढग तिथे काळसर दिसतो. या दुसऱ्या पट्ट्याने उजेड जास्त दाखवला की थेंब आहेत त्यापेक्षा लहान वाटतात. ढगात पाणी किती हे जाडी आणि थेंबाची त्रिज्या यांच्या गुणाकारातून निघतं, म्हणून दोन्हीकडच्या चुका तिथे एकत्र येतात.

तुझ्याच ढगाचं पाणी काढू. जाडी ५०, त्रिज्या १२ मायक्रॉन धरली तर ढगात उभं पाणी ०.४ मिलिमीटर. जाडी ६५ धरली तर ०.५२. आकडा बघून निराश होऊ नकोस. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर. त्या सगळ्यावर असा ढग पसरला तरी एका क्षणी त्यात पाणी असतं एका टीएमसीचा ऐंशीवा भाग. धरण १०५ टीएमसीचं. ते भरतं ते ढगात साठलेल्या पाण्याने नाही. समुद्रावरून चढणारी वाफ दिवसरात्र ढगात येत राहते आणि थेंब होऊन गळत राहते, त्याने भरतं. हे मी विषय सोडून सांगितलं, पण तुझ्या प्रकल्पाचं नाव "कोयनेवरच्या ढगातील पाणीसाठा" असं आहे म्हणून.

आणि प्रकल्पात हेही लिही की दोन्ही उपग्रह एकाच कोनातून बघत नव्हते. दहा मिनिटांत घाटमाथ्यावरचा ढग बदलतो ते वेगळंच. तीस टक्क्यांचं सगळं खापर मी पाच टक्क्यांवर फोडत नाही. पण ते एकटंही एवढं करू शकतं.

प्रश्न : बाई, सातवीच्या मुलांना दाखवायला नासाच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचं चित्र उतरवून घेतलं. त्यात ढगांवर समांतर, बारीक रेघा आहेत, पट्टापट्टाच्या साडीसारख्या. एका मुलाने विचारलं, गुरुजी ढगावर कोणी नांगर फिरवला? काय सांगू?
— प्राथमिक शिक्षक, खटाव तालुका

गुरुजी, त्या मुलाला माझ्याकडून पेन द्या. प्रश्न अगदी नेमका आहे.

तुमचं चित्र मोडिस नावाच्या उपकरणाचं दिसतंय. ते दोन उपग्रहांवर आहे : टेरा, १९९९ च्या डिसेंबरात सोडलेला, आणि ॲक्वा, २००२ च्या मेमधला. त्याच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यांत प्रत्येकी दहा संवेदक ओळीने बसवलेले असतात. आरसा एकदा फिरला की दहा संवेदक मिळून जमिनीवरच्या दहा ओळी एका दमात वाचतात.

यार्डात मोठी आवक असली की एका व्यापाऱ्याच्या मालाला दहा तोलार लावायचे. प्रत्येकाचा तराजू वेगळा, पासंग वेगळा. समजा पहिलं पोतं पहिल्याकडे, दुसरं दुसऱ्याकडे, अकरावं परत पहिल्याकडे. चौथ्याचा तराजू जरा खात असेल तर वहीत चौथं, चौदावं, चोविसावं पोतं हलकं लागणार. वही लांबून धरली की त्या रेघाच दिसतील. तुमच्या मुलाने पाहिलेला नांगर तो हा. रेघा मोजायला सांगा, बहुधा दहा-दहाच्या अंतराने सापडतील. आरसा दुतोंडी आहे, त्याच्या दोन बाजूंत फरक असला की वीसच्या अंतरानेही येतात.

चित्र बघायला रेघा खटकतात एवढंच, पण ढगाचे गुणधर्म काढताना त्या महागात पडतात, कारण संगणक रेघेला ढगाची कड समजू शकतो. शेजारच्या ओळींशी ताडून रेघा पुसायच्या रीती आहेत. मात्र पुसायला तोलार जागेवर तरी हवा. ॲक्वावरच्या मोडिसच्या १.६ मायक्रॉनच्या पट्ट्यात वीस संवेदक आहेत आणि त्यातले बहुतेक निकामी. हा पट्टा बर्फ आणि पाण्याचा ढग वेगळे ओळखायला फार उपयोगी. तिथे ॲक्वाला २.१ मायक्रॉनच्या पट्ट्यावर भागवावं लागतं.

टेराचं दुखणं वेगळं. २०१६ च्या फेब्रुवारीत तो उपग्रह काही दिवस सुरक्षा अवस्थेत गेला, त्यात उपकरण बंद झालं. परत चालू झाल्यावर त्याच्या काही अवरक्त पट्ट्यांतले संदेश एकमेकांत आधीपेक्षा खूप जास्त मिसळू लागले. एका तोलाराने हाक दिलेला आकडा शेजारच्या दिवाणजीने आपल्या वहीत मांडावा, तसं. त्यात ८.६ मायक्रॉनचा पट्टाही सापडला. ढग आहे की नाही आणि असला तर बर्फाचा की पाण्याचा, हे ठरवताना तो पट्टा लागतो. त्यामुळे नसलेले ढग उगवले. कोणाची हाक कोणाच्या वहीत किती गेली याचा हिशेब चंद्राकडे बघून लावतात : काळ्या अवकाशात एकटा चंद्र, एका पट्ट्यात दिसला आणि दुसऱ्यात त्याची भुतासारखी सावली उमटली की सरमिसळ किती ते कळतं.

प्रश्न : आपले उपग्रह परदेशी उपग्रहांपेक्षा कच्चे आहेत म्हणून ढगांचे आकडे जुळत नाहीत, असं आमच्या कट्ट्यावर ठाम मत आहे.
— निवृत्त कर्मचारी, मिरज

कट्ट्याला सांगा, अमेरिकेने २०१८ च्या मार्चमध्ये गोज-१७ हा हवामान उपग्रह सोडला. त्याचं उपकरण थंड ठेवणारी नळ्यांची यंत्रणा नीट चाललीच नाही. वर्षातल्या काही महिन्यांत रात्री संवेदक इतके तापायचे की काही पट्ट्यांची चित्रं काही तास निरुपयोगी. २०२३ च्या जानेवारीत त्याची जागा गोज-१८ ने घेतली. आपला आणि फ्रान्सचा मिळून मेघा-ट्रॉपिक्स २०११ च्या ऑक्टोबरात श्रीहरिकोट्याहून गेला; त्यावरचं पाऊस मोजणारं माद्रास उपकरण फिरत्या यंत्रणेच्या दुखण्याने २०१३ च्या जानेवारीत बंद पडलं, बाकीची उपकरणं मात्र पुढे कितीतरी वर्षं चालली. कच्चं-पक्कं सगळ्यांकडे आहे.

खरं तर असा ढळढळीत बिघाड परवडतो, तो लगेच कळतो. मला धास्ती वाटते ती हळूहळू झिजणाऱ्या उपकरणाची. सूर्याच्या अतिनील किरणांनी आरसे आणि भिंगं वर्षागणिक मंदावतात, निळ्याकडचे पट्टे आधी. टेराच्या आकडेवारीच्या एका जुन्या आवृत्तीत ढगांची जाडी वर्षागणिक घटत चालल्यासारखी दिसत होती. झिजेचा हिशेब सुधारून नवी आवृत्ती काढली, तेव्हा तो उतार बराचसा नाहीसा झाला. ढग होते तिथेच होते. यार्डातल्या जुन्या लोखंडी वजनांना खाली शिशाची टिकली असायची आणि तिच्यावर निरीक्षकाचा शिक्का. वजन झिजलं की शिसं घालून पुन्हा शिक्का. तसा शिक्का मारायला आभाळात कोण जाणार?

प्रश्न : मग उपग्रहाचं खरं-खोटं तपासतात तरी कसं? ढग तर आमच्या अंगणात येतो, आम्हालाच विचारा!
— गृहिणी, महाबळेश्वर

ताई, तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण तुम्हालाच विचारतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा चालवली आहे. ढग जमिनीवर येतो, तिथल्या उपकरणांतून जातो आणि थेंब प्रत्यक्ष मोजले जातात. खाली वाईच्या बाजूला मांढरदेवच्या डोंगरावर याच संस्थेचं रडार आहे, ते घाटातल्या ढगांचा पोटातून वेध घेतं.

तरी वरचा आकडा आणि तुमच्या अंगणातला आकडा सहसा जुळायचा नाही, आणि त्यात कोणी खोटं नसेल. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, म्हणजे पावसाळी ढगाच्या तळाशी. उपग्रह बघतो माथा. थेंब वर चढता चढता मोठे होतात, म्हणून माथ्याचे मोठे, तुमच्याकडचे लहान. शिवाय अंगणातलं उपकरण मूठभर हवा तपासतं आणि उपग्रहाचा एक ठिपका सबंध गावाएवढा. त्या ठिपक्यात अर्धी उघडीप असेल तर उपग्रहाला अर्धा ढग दिसत नाही, सगळीकडे पसरलेला पातळ ढग दिसतो.

उजेडाच्या पट्ट्यांसाठी वेगळी सोय लागते. इन्सॅटला उष्णतेसाठी काळी पट्टी आहे, पण दृश्य प्रकाशासाठी तसं प्रमाण वजन बरोबर नाही. म्हणून आपले शास्त्रज्ञ उपग्रहाच्या वेळा गाठून कच्छच्या रणात उभे राहतात. मिठाची पांढरी, सपाट, एकसारखी जमीन. तिचा उजळपणा खालून मोजायचा आणि वरच्याशी ताडायचा. शिक्का मारणारा निरीक्षक तो तिथे, उन्हात.

प्रश्न : बागेत स्वयंचलित हवामान यंत्र बसवलंय. शेजाऱ्याच्या यंत्रापेक्षा दोन अंश जास्त दाखवतं. कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. कोणाचं खरं?
— शेतकरी, कवठे महांकाळ

दोघांचीही सकाळ रिकाम्या पारड्याने करा. बर्फ फोडून भुगा करा, एका डब्यात बर्फ आणि थोडंच पाणी घाला. तापमानाचा सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून त्यात दहा मिनिटं बुडवा, मधूनमधून ढवळा. शून्य यायला हवं. जे येईल तो तुमचा पासंग.

मग दुसरं वजन. कोमट पाण्यात, चाळीसच्या आतच, सेन्सर आणि घरातला तापाचा थर्मामीटर शेजारी शेजारी धरा. बर्फात दीड अंश जास्त आणि कोमट पाण्यातही दीडच जास्त आलं तर यंत्राला नुसता पासंग आहे. दर वेळी दीड वजा करा. दोन्हीकडे फरक वेगवेगळा आला तर वजनच झिजलंय, मग दोन्ही आकडे मला लिहून पाठवा, तक्ता करून देते.

दोन्ही यंत्रं बरोबर निघाली तर छत्री बघा. सेन्सरवरच्या पांढऱ्या झाकणावर धूळ आणि फवारणीचे डाग बसले की ते ऊन धरतं आणि दुपारी दोन अंश कुठेच गेले नाहीत. पुसून परत बघा. पासंग मार्करने डबीवरच लिहा, खाली तारीख घाला, आणि द्राक्षं उतरली की पुन्हा एकदा बर्फात.